ट्यूब ॲम्प घेताय? आधी काट्यावर ठेवा

ट्यूब ॲम्प घ्यायला निघालेला गिटारवादक दुकानदाराला आधी विचारतो, किती वॅटचा? मग विचारतो, कितीला? किती किलोचा, हे त्याला घरी आणून जिना चढताना कळतं. महिन्याला तीन-चार कार्यक्रम करणाऱ्याच्या खिशाला सर्वांत मोठी कात्री लागते ती या तिसऱ्या आकड्यानं. कशी, ते पुढे हिशेबात दिसेल.

पबमध्ये, कॉलेज फेस्टमध्ये, सोसायटीच्या कोजागरीला, गोव्यात लग्नाच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांसाठी हा मजकूर आहे. ज्यांना फक्त घरी वाजवायचं आहे त्यांनी यातलं निम्मं सोडून द्यावं. किमती ढोबळ धराव्यात. हा सगळा आयात होणारा माल, डॉलर हलला की दुकानातला आकडा हलतो. दोन-तीन ठिकाणी भाव काढा, आणि सांगितलेली किंमत जीएसटी धरून आहे की सोडून, हे पहिल्याच फोनवर विचारा.

साधा म्हणजे कोणता

‘व्हिंटेज’ ही पाटी हल्ली कशावरही लागते. बाहेरचं कापड जुन्या ढंगाचं आणि आत तीन चॅनल, चौदा नॉब, यूएसबीचं भोक, असाही ॲम्प व्हिंटेज म्हणून खपतो. इथे साधा म्हणजे खरोखर साधा: दोन-तीन छोट्या प्रीॲम्प ट्यूब, दोन पॉवर ट्यूब, एक बारा इंची स्पीकर आणि मोजके नॉब.

या जातीचा मूळपुरुष कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा. लिओ फेंडरच्या कारखान्यात १९५५ नंतरची पाचेक वर्षं ‘डीलक्स’ नावाचा एक ॲम्प बनत होता. त्याच्या सर्किटचा क्रमांक ५ई३. दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, एक ५वाय३ रेक्टिफायर ट्यूब, ताकद जेमतेम १२ ते १५ वॅट. दोन व्हॉल्यूम आणि एकच टोन. बेस, मिडल, ट्रेबल असली चैन नाही. गंमत अशी की दोन्ही व्हॉल्यूम एकमेकांत गुंतलेले. ज्या चॅनलला काही जोडलेलंच नाही त्याचा नॉब फिरवला तरी तुमचा आवाज बदलतो. अर्ध्यावर पोहोचायच्या आत आवाज फाटायला लागतो, जोरात वाजवलं तर फाटतो, बोट हलकं केलं की निवळतो. नील यंगनं आपल्या १९५९च्या डीलक्सवर उभी हयात काढली ती याच गुणासाठी.

पण हाच गुण ‘आप जैसा कोई’ची स्वच्छ ऱ्हिदम वाजवताना अंगावर येतो. ड्रमर जोरात असला की स्वच्छ आवाजासाठी ५ई३कडे जागाच उरत नाही. ज्यांना एका संध्याकाळी जुनी हिंदी गाणी, लावणीचा तडका आणि शेवटी रॉक असं सगळं वाजवायचं आहे, त्यांनी १९६०च्या दशकातल्या फेंडरकडे पाहावं. ‘डीलक्स रिव्हर्ब’मध्ये त्याच दोन ६व्ही६ आहेत, पण सर्किट वेगळं, ताकद २२ वॅट, आणि आवाज बराच वेळ स्वच्छ राहतो. रिव्हर्ब आणि ट्रेमोलो आतच.

तिसरी वाट इंग्लंडची. केंटमधल्या डार्टफर्डला डिक डेनी यांनी आखलेला व्हॉक्स एसी१५ हा १९५८च्या सुमाराचा. त्यात ईएल८४ नावाच्या सडपातळ पॉवर ट्यूब असतात आणि वरचे सूर घंटेसारखे किणकिणतात. फेंडरचाच ‘ब्लूज ज्युनिअर’ हा १९९०च्या दशकातला १५ वॅटचा ॲम्पही ईएल८४वरच चालतो. लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली जन्मलेला जेटीएम४५ हा फेंडर बेसमनच्या सर्किटवरून बेतलेला. थोर ॲम्प आहे, पण त्याची ताकद आणि त्याबरोबरची स्पीकरची पेटी आपल्या पबात मावत नाही, म्हणून तो इथेच सोडू.

वॅटचं भूत

‘पंधरा वॅटमध्ये काय होणार? निदान पन्नास तरी हवेत,’ हे वाक्य प्रत्येक दुकानात कुणीतरी म्हणतंच. गणित मात्र वेगळं सांगतं. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. १५ वरून थेट ५० वॅटवर उडी मारलीत तरी पदरात पडतात पाच डेसिबल.

तेवढेच पाच डेसिबल स्पीकर बदलून मिळू शकतात. जुन्या धाटणीच्या जेन्सन पी१२आरची संवेदनशीलता ९५ डेसिबलच्या आसपास, तर सेलेशन ब्लूची १००. तोच ॲम्प, तेच १५ वॅट, वजनात किरकोळ फरक. चांगला बारा इंची स्पीकर १२ ते २० हजारांत बसवून होतो. ब्लू मात्र याहून बराच महाग. ओहमचा आकडा जुळतो का आणि स्पीकर ॲम्पची ताकद सोसतो का, एवढं पाहायचं. ब्लू फक्त १५ वॅटचा आहे, तेव्हा तो २२ वॅटच्या ॲम्पमध्ये टाकू नका.

शिवाय दोनशेपेक्षा जास्त माणसं असतील तर ॲम्पसमोर माइक लागणारच. तिथे श्रोत्यांपर्यंत आवाज नेण्याचं काम पीएचं. तुमचा ॲम्प तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू आला म्हणजे झालं. माझ्या मते आपल्याकडच्या कार्यक्रमांना १५ ते २२ वॅट पुरतात. त्यापुढचा ॲम्प पाचवर ठेवून वाजवता येत नाही, दोनवर ठेवावा लागतो, आणि दोनवर ठेवलेल्या ट्यूब ॲम्पमध्ये ट्यूबची मजा फारशी उरत नाही.

दुकानातला आकडा आणि खरा आकडा

ब्लूज ज्युनिअर, एसी१५ आणि मार्शलचा ‘ओरिजिन २०’ या गटासाठी नवीन मालाला साठ हजार ते लाखभर धरा. डीलक्स रिव्हर्बची नवी आवृत्ती दीड ते दोन लाखांच्या घरात जाते. हाताने तारा जोडलेला, ५ई३वर बेतलेला ॲम्प हवा असेल तर दोन लाखांच्या पुढेच बोलणी सुरू होतात. सेकंडहँडला लोक नव्याच्या साठ-सत्तर टक्के मागतात. घासाघीस होते, लाजू नका.

आता बरोबरच्या वस्तू. जुळवलेली पॉवर ट्यूबची जोडी जवळ असावी, ४ ते ६ हजार. एक १२एएक्स७ प्रीॲम्प ट्यूब, दीड ते अडीच हजार. जाड कव्हर दोन-अडीच हजार. माइक स्वतःचा ठेवायचा असेल तर शुअर एसएम५७ आणि छोटा स्टँड मिळून १२ हजारांच्या आसपास. मल्टिमीटर पाचशे-सहाशे, चांगला एक्स्टेन्शन बोर्ड हजार-बाराशे, फ्यूज शंभर रुपयांत पाच. गावोगाव टेम्पोतून जायचं असेल तर प्लायची पेटी, आणखी दहा हजार. म्हणजे ८० हजारांच्या ॲम्पवर, माइक धरून, आणखी २१ ते ३५ हजार पहिल्याच वर्षी जातात.

ट्यूबच्या किमती का चढल्या, हे दुकानदार सांगत नाहीत. आज जगातल्या गिटार ॲम्पच्या ट्यूब प्रामुख्यानं तीन देशांतून येतात: स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन. २०२२च्या मार्चमध्ये रशियानं निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा साराटोव्हच्या कारखान्याचा माल अडला आणि भाव भडकले, आणि ते पुन्हा जुन्या पातळीवर उतरले नाहीत. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. ‘बीईएल’ छापलेली ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७. जुन्या रेडिओवाल्याच्या डब्यात अशी न वापरलेली एखादी सापडली तर घ्या, पण तपासून मगच पैसे द्या.

आता वजन. डीलक्स रिव्हर्ब १९ किलो, एसी१५ सुमारे २२, ब्लूज ज्युनिअर १४च्या आसपास. दोन स्पीकरचा एसी३० तर ३२ किलोंचा. १४ किलोंचा ॲम्प एका हातात, गिटार पाठीवर आणि रिक्षा, असं जमतं. २२ किलोंना मित्र लागतो किंवा कॅब. समजा कॅबमुळे जाऊन-येऊन ७०० रुपये जास्त पडले आणि वर्षात ४० कार्यक्रम झाले, तर २८ हजार झाले. तीन वर्षांत ८४ हजार, म्हणजे एक आख्खा ॲम्प. याउलट पॉवर ट्यूब आठवड्याला एक कार्यक्रम धरला तरी दीड-दोन वर्षं टिकतात; वर्षाला अडीच-तीन हजारांचा खर्च. ज्या ट्यूबला लोक घाबरतात तिचा खर्च वजनाच्या खर्चापुढे किरकोळ आहे. विमानानं जाणाऱ्यांनी तर देशांतर्गत प्रवासात साधारण १५ किलोच सामान फुकट जातं, हे धरूनच चालावं.

एक तांत्रिक मुद्दा, पैशांशी संबंध आहे म्हणून. पॉवर ट्यूब बदलल्यावर शांत अवस्थेत तिच्यातून किती प्रवाह वाहावा हे जुळवावं लागतं, त्याला बायस म्हणतात. ५ई३ आणि एसी१५ ‘कॅथोड बायस’चे. त्यांत जुळवलेली जोडी खोचली की काम झालं. डीलक्स रिव्हर्बमध्ये मात्र तंत्रज्ञाकडून बायस लावून घ्यावा लागतो, दर वेळी हजार-दीड हजार.

वीज

हा भाग घाईत वाचू नका.

अमेरिकेतला मामेभाऊ स्वस्तात ॲम्प आणून देतो म्हणतो, तेव्हा आधी मागच्या पॅनलचा फोटो मागवा. तिथे ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढंच छापलं असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत लावताच बसेल. सुदैव असेल तर फक्त फ्यूज जाईल. त्यासाठी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. साध्या ॲम्पला ५०० व्हीएचा घ्या, म्हणजे तो तापत नाही. हा झाला तीन-चार किलोंचा आणखी एक डाग, दर कार्यक्रमाला वाहायचा. त्यातही मेख आहे. स्टेपडाउन व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला जुना ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. विमानतळावर सीमाशुल्काचा प्रश्न येतो तो वेगळाच. हे सगळं धरून वाचलेले पैसे मोजा. बहुतेकदा भारतातल्या दुकानातला २३० व्होल्टचा, वॉरंटीचा ॲम्पच स्वस्त पडतो.

२३० व्होल्टचा ॲम्प घेतला म्हणून सुटका नाही. मंडळाच्या मांडवात जनरेटरवर रात्री दहा वाजता सॉकेटमध्ये काय येतं ते मल्टिमीटरलाच विचारावं. २५० आले तर ट्यूबच्या फिलामेंटला ६.३ऐवजी ६.८५ व्होल्ट मिळतात आणि आतला ४२० व्होल्टचा पुरवठा ४५५च्या पुढे जातो. हे ट्यूब सोसते, पण आयुष्य कमी होतं. २५५च्या वर दिसलं तर ॲम्प लावू नका, साउंडवाल्याला सांगा. मेनलाइनवाले आपल्या सोयीनं कुठूनही फेज ओढतात, हे ज्यानं मांडवात वाजवलंय त्याला सांगायला नको.

दुसरं, अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन कापून टाकलेला बोर्ड अजूनही मांडवात सर्रास दिसतो. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, माइक मिक्सरच्या अर्थला. दोन्हींत फरक पडला की गिटार हातात आणि ओठ माइकला, अशा वेळी झटका बसतो. ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी स्वान्सीत अर्थ नसलेल्या माइकला हात लावून मंचावरच गेला. तेव्हा गायनापूर्वी मल्टिमीटरनं तार आणि माइकची जाळी यांच्यातलं एसी व्होल्टेज मोजा.

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा टाका. तांब्याची तार गुंडाळून शो पार पाडला तर ट्रान्सफॉर्मर जळतो. तो गुंडाळून घ्यायला किंवा नवा मागवायला पाच हजारांपासून पुढे काहीही लागतं, आणि महिना-दीड महिना ॲम्प घरी पडून राहतो. स्पीकरची वायर काढलेली असताना ट्यूब ॲम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि ॲम्प बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारेकशे व्होल्ट राहू शकतात, म्हणून मागची फळी काढून बोट घालण्याचा मोह आवरा.

सेकंडहँड तपासताना

स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जा. विकणाऱ्याच्या महागड्या गिटारवर कोणताही ॲम्प गोड वाटतो. जाण्याआधी फोनवर सांगा की ॲम्प गार असताना मला तो चालू करायचाय. तासभर तापवून ठेवलेल्या ॲम्पमध्ये बरेच दोष झाकले जातात.

चालू केल्यावर खोलीतला दिवा मालवा आणि मागून पाहा. प्रत्येक ट्यूबच्या पोटात मंद नारिंगी ठिपका दिसायला हवा. काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती बहुधा निरुपद्रवी असते. मात्र पॉवर ट्यूबमधली राखाडी धातूची पाटी स्वतः लालसर होत असेल तर ताबडतोब बंद करायला सांगा. बायस किंवा कपॅसिटर गेलाय.

मग व्हॉल्यूम चारवर ठेवून पेन्सिलच्या मागच्या टोकानं प्रीॲम्प ट्यूबवर हलकेच टकटक करा. थोडा ठोक ऐकू येणं ठीक, पण घंटीसारखा सूर लांबत राहिला तर ती ट्यूब बदलावी लागेल. दोन हजार किमतीतून वजा करा. सगळे नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेची ती खूण आहे. क्लीनरनं बहुतेक जाते, पण त्याच हवेनं ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांवर आणि जॅकवर गंज चढलाय का तेही बघा. गिटार न जोडता व्हॉल्यूम पूर्ण उघडला की हलकी सळसळ असतेच. १०० हर्ट्झचा जाडसर गूं असा आवाज मोठ्यानं आला तर फिल्टर कपॅसिटर बदलायचे आले, चार ते सात हजार. शेवटी वीस मिनिटं सलग वाजवा. काही दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात, तेही ऐकायला हवेत.

दुरुस्तीला कुणाकडे जायचं, हे घेण्याआधी ठरवा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास विचारत गेलात तर जुन्या व्हॉल्व्ह रेडिओवर हात बसलेला एखादा तंत्रज्ञ अजून भेटतो. त्याला ५ई३चं सर्किट दाखवलं तर तो हसतो. त्याच्या दृष्टीनं तो रेडिओचा मागचा अर्धा भाग. तोच माणूस आजच्या ब्लूज ज्युनिअरची छापील पाटी पाहून नाक मुरडतो, कारण तिथे ट्यूबचे सॉकेट थेट पाटीवर बसवलेले असतात आणि एक सुटं करायला सगळं उघडावं लागतं. स्वस्त ॲम्प दुरुस्तीला महाग का पडतो, त्याचं हे कारण.

घ्यावा की नाही

तुमचा कार्यक्रम ऑर्केस्ट्राचा असेल, साउंडवाला ‘लाइन दे’ म्हणत असेल आणि मंचावर ॲम्पचा आवाज नकोच असेल, तर ट्यूब ॲम्प घेऊ नका. बॉसचा कटाना किंवा एखादा मॉडेलर निम्म्याहून कमी पैशांत हे काम करतो आणि स्कूटरवर जातो. रंगमंच आणि स्टुडिओत रोलंडचा जेसी-१२० बऱ्याच ठिकाणी उभाच असतो, तोही ट्यूबचा नाही आणि उत्तम आहे. वर्षाला दहा-बाराच कार्यक्रम असतील तर भाड्यानं घ्या. एका कार्यक्रमाला समजा तीन हजार भाडं पडलं, तरी वर्षाचे तीस-छत्तीस हजार होतात आणि वजन, ट्यूब, दुरुस्ती ही सगळी डोकेदुखी दुसऱ्याची.

वर्षाला तीसपेक्षा जास्त कार्यक्रम आणि त्यातले बहुतेक छोट्या जागेत, असं असेल तर मी १४-१५ किलोंचा, १५ वॅटचा, ईएल८४वाला ॲम्प घेईन आणि वाचलेल्या पैशांत स्पीकर बदलीन. स्वच्छ आवाज हीच पोटापाण्याची गरज असेल आणि मदतीला माणूस असेल तर डीलक्स रिव्हर्ब, २३० व्होल्टचा, इथल्या दुकानातून. ५ई३ हा हौसेचा ॲम्प. दुसरा ॲम्प म्हणून जरूर घ्या, पहिला म्हणून नको.

आणि काहीही घेतलंत तरी मांडवात ॲम्प जमिनीवर ठेवू नका. प्लास्टिकची खुर्ची मागा, त्यावर किंचित मागे कलता ठेवा. आवाज गुडघ्यांऐवजी कानाशी येतो, व्हॉल्यूम दोन घरं खाली ठेवता येतो, आणि खुर्ची मंडळाकडून फुकट मिळते.